आधी ओढ, मग पान्हा

खरवस आवडत नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. गाय किंवा म्हैस व्याली की चिकाची बरणी शेजारीपाजारी जाते, त्यात गूळ आणि वेलदोडा पडतो आणि वाफेवर पिवळसर, थरथरती वडी तयार होते. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. आधी वासराला पोटभर पाजायचं, मग उरलेला चीक खरवसाला. चीक न मिळालेलं वासरू अशक्त राहतं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि त्याच घरातली सून बाळंत झाली की तिचा चीक मात्र ‘घाण दूध’, ‘जड दूध’ म्हणून पिळून टाकला जायचा. अजूनही कुठे कुठे टाकला जातो. वासराला जे पाजायचं ते नातवाला पाजायचं नाही, हा कुठला न्याय?

आज मला बोलायचंय ते नव्या आईच्या पहिल्या काही दिवसांविषयी. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारी बाई आहे. पण दोन मुलं अंगावर पाजली, पुढे लेकीचं आणि सुनेचं बाळंतपण केलं. त्या निमित्तानं बालरोगतज्ज्ञांना आणि वॉर्डातल्या सिस्टरना प्रश्न विचारून मी भंडावून सोडलं. त्यातून जे समजलं ते साध्या भाषेत सांगते.

आधी एक आकडा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात दिसलं की देशातली शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण जन्मल्यापासून तासाभराच्या आत आईच्या छातीला लागलेली बाळं होती शंभरात अवघी ४२. म्हणजे बाळ डॉक्टर-नर्सच्या हातांत जन्मतं, आणि तरी निम्म्याहून जास्त बाळांचा तो पहिला तास निसटतो. कधी बाळाला पुसणं, वजन करणं, कपडे घालणं यात वेळ जातो. कधी बाहेर थांबलेले आजी-आजोबा, काका, मामा यांच्या हातांवरून बाळ फिरत राहतं. सिझेरियन झालं असेल तर ‘आईला खोलीत आणू द्या, मग बघू’ असं म्हणत दुपारची संध्याकाळ होते.

या तासाला एवढं महत्त्व का? जन्मल्यावर पहिला तासभर बाळ चांगलं जागं असतं. डोळे उघडे, तोंडाची चाळवाचाळव, हात तोंडाकडे. त्यानंतर ते गाढ झोपी जातं आणि मग त्याला उठवून पाजणं जिकिरीचं होतं. निरोगी बाळाला पुसून कोरडं करून, उघड्या अंगानं आईच्या उघड्या पोटावर पालथं ठेवलं आणि वरून दोघांना पांघरूण घातलं, तर एक नवल घडतं. ते इवलंसं बाळ पाय रेटत, डोकं हलवत, वासाच्या मागावर स्वतःच छातीपर्यंत पोचतं आणि ओढू लागतं. १९८७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी हे नीट नोंदवून ठेवलं. पाळणा, दुपटं, घुटी यांच्या आधी बाळाला ही वाट ठाऊक असते. आपण फक्त तिच्या आड यायचं नाही. आई आणि बाळ ठीक असतील तर सिझेरियननंतरही लवकर छातीला लावता येतं. त्यासाठी कुणीतरी मदतीला उभं राहावं लागतं, आणि ते बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

त्या वेळी आईला येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. एका वेळेला चमचाभर, कधी तेवढाही नाही. पण त्यात रोगांशी लढणारी द्रव्यं गच्च भरलेली असतात, म्हणून डॉक्टर त्याला बाळाची पहिली लस म्हणतात. बाळाच्या आतड्यात साठलेली ती काळी, चिकट शी बाहेर पडायलाही चीक मदत करतो. 

इथेच पहिल्या चवीचा प्रश्न येतो. आमच्या घरांत बाळाच्या कानात अजान देतात आणि चावून मऊ केलेला खजूर किंवा मध टाळूला लावण्याची रीत आहे. हिंदू घरांत सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात. कुठे साखरेचं पाणी, कुठे घुटी. यामागची माया मला कळते. बाळाची पहिली चव गोड असावी, एवढीच त्यात इच्छा असते. पण मधात काही जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्या माणसाला ती काही करत नाहीत, तान्ह्या बाळाला मात्र त्यांच्यामुळे जिवावरचा आजार होऊ शकतो. म्हणून वर्षाचं होईपर्यंत मध नकोच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचं सांगणंही तेच: पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाणीसुद्धा नाही, आमच्याकडच्या मे महिन्यातही नाही, कारण दुधात लागेल तेवढं पाणी असतंच. डॉक्टरांनी दिलेली औषधं किंवा थेंब असतील तेवढेच अपवाद. अजान द्यावी, दुआ करावी, पाचवी पुजावी, बारसं थाटात करावं. तोंडात मात्र आईचंच दूध जावं. तेही गोडच असतं.

आता दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीकडे वळू या. माझ्या मते खरी परीक्षा तिथे असते.

माझ्या लेकीच्या बाळानं दुसऱ्या रात्री घर डोक्यावर घेतलं. दर पाऊण तासानं उठायचं, ओढायचं, दोन मिनिटं डोळा लावायचं, पुन्हा रडायचं. पहाटे तीनला लेक रडवेली होऊन म्हणाली, “अम्मी, दूधच नाहीये गं मला. उपाशी राहतोय तो.” सकाळी भेटायला आलेल्या नात्यातल्या एका बाईंनी निकाल देऊन टाकला: “छाती हलकीच दिसतेय. डबा आणा, उगाच लेकराला छळू नका.”

अशा वेळी घराघरांतून डबा येतो. म्हणून त्या रात्री काय चाललेलं असतं ते समजून घ्यायला हवं. पहिल्या दिवशी बाळाचं पोट एखाद्या मोठ्या बोराएवढं असतं. त्याला चमचाभर चीक पुरतो, पण तो लवकर जिरतो आणि बाळ पुन्हा मागतं. भरपूर दूध उतरायला साधारण दोन ते चार दिवस लागतात, सिझेरियननंतर कधी थोडे जास्त. तोवर छाती हलकी लागणं हेच नेहमीचं आहे. आणि बाळाचं ते सारखं ओढणं वाया जात नाही. प्रत्येक ओढीबरोबर आईच्या मेंदूला निरोप जातो आणि प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात येतं. दूध तयार करण्याचं काम त्याचं. रात्री ते जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, न उपसलेल्या विहिरीचे झरे बुजत जातात. इथेही तसंच आहे. आधी ओढ, मग दूध. दूध आलं की पाजू असं म्हणत बसलं, तर ते येणं लांबतं.

मग डब्याचं दूध पाजल्यावर काय होतं? बाळाचं पोट गच्च भरतं, ते तीन-चार तास झोपतं आणि घरातले म्हणतात, ‘बघा, उपाशीच होतं.’ त्या तीन-चार तासांत छातीला कुणी मागतच नाही. न मागितलेलं दूध तयार होत नाही. संध्याकाळी आणखी थोडा डबा द्यावा लागतो. आठवडाभरात ‘हिला दूध नव्हतंच’ हे घरात सर्वमान्य होतं. बाटलीची सवय लागलेल्या काही बाळांना छाती धरणंही जड जातं.

बाळाला पुरतंय की नाही, हे छाती चाचपून कळत नाही. ते लंगोट सांगतो. पहिल्या दिवशी एखादी शू, दुसऱ्या दिवशी दोन, अशी वाढत जाऊन पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हायला हवेत. काळी शी चार-पाच दिवसांत पिवळी होते. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं घटतं, पाच-सात टक्क्यांपर्यंत घटणं नेहमीचं असतं. दोन आठवड्यांच्या आसपास ते पुन्हा जन्माच्या वजनावर येतं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नव्या बाळाचं साधं वेळापत्रक आहे. घड्याळ लावायची गरज नाही. बाळ तोंड वळवून शोधू लागलं, मूठ चोखू लागलं की घ्यावं. रडणं ही भुकेची शेवटची खूण. तोवर थांबलं तर बाळ चिडलेलं असतं आणि धड धरत नाही.

धरण्यावरून आठवलं. पाजणं हे निसर्गानं दिलेलं आहे, ते शिकायचं काय, असं पुष्कळांना वाटतं. पण चालणंही निसर्गानंच दिलेलं आहे, तरी मूल धरून धरून चालायला शिकतं. पूर्वी घरात काकू, आत्या, जावा पाजताना दिसायच्या आणि पाहून पाहून ते अंगी यायचं. आता दोन खोल्यांच्या घरात वाढलेल्या मुलीनं जवळून पाहिलेलं पहिलं तान्हं बाळ बहुधा तिचं स्वतःचंच असतं. माझ्या लेकीला हे शिकवलं ते वॉर्डातल्या एका सिस्टरनं, पंधरा मिनिटांत.

त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही वाकून छाती बाळाकडे नेताय. पाठ टेकवून आरामात बसा आणि बाळाला छातीकडे आणा.” मग एकेक गोष्ट करून दाखवली. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून तुम्हालाही पाणी पिता येणार नाही, मग ते दूध कसं पिईल? बाळाचं नाक बोंडासमोर ठेवायचं, वरच्या ओठाला बोंडाचा स्पर्श करायचा आणि वाट पाहायची. बाळ जांभईसारखा मोठा आ करतं. त्याच क्षणी त्याला जवळ घ्यायचं. नुसतं बोंड तोंडात जाऊन उपयोग नाही, भोवतालच्या काळ्या भागाचाही बराचसा भाग गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, आणि थोड्या वेळानं संथ गिळण्याचा आवाज. एवढं जमलं की समजावं, नीट धरलंय.

पहिल्या दिवसांत धरताना क्षणभर कळ लागू शकते. पण सगळा वेळ दुखत असेल, बोंडाला चिरा पडत असतील, तर धरणं चुकतंय. दात-ओठ खाऊन सोसत बसायचं नाही. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी अलगद आत सारायची, पकड सुटते, आणि पुन्हा लावायचं. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजावं, नाहीतर बाळाला बगलेखाली घेऊन. छाती दगडासारखी भरली तर आधी हातानं थोडं दूध काढावं. बोंडाभोवतीचा भाग मऊ झाला की बाळाला धरता येतं.

आता माझ्या पेशाची एक गोष्ट. मराठीत ‘दूध’ हा शब्द आहे आणि ‘पान्हा’ हा वेगळा शब्द आहे. पान्हा फुटतो, पान्हा दाटतो. दूध छातीत असणं ही एक गोष्ट आणि ते बाळासाठी वाहू लागणं ही दुसरी, हे आपल्या बायकांना ठाऊक होतं. शास्त्रही तेच सांगतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन वेगळं आणि दूध वाहतं करणारं ऑक्सिटोसिन वेगळं. हे ऑक्सिटोसिन बाळाच्या ओढण्यानं स्रवतं, पण नुसत्या त्याच्या रडण्यानं, वासानं, आठवणीनंही स्रवतं. शेजारच्या खोलीत बाळ रडलं की आईचा पदर ओला होतो तो यामुळे. त्यानंच गर्भाशय आकसतं, म्हणून पहिल्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळ येते. ती चांगली खूण आहे, रक्तस्राव कमी व्हायला तिची मदत होते.

पण वेदना, भीती, संकोच यांनी हेच ऑक्सिटोसिन थोडा वेळ अडतं. गवळ्याला हे माहीत असतं. नवं माणूस गोठ्यात आलं, कुणी ओरडलं, की गाय पान्हा चोरते. गवळी तिला मारत नाही. चुचकारतो, पाठीवरून हात फिरवतो, वासरू पुढ्यात आणतो. आणि आपण बाळंतिणीच्या खोलीत काय करतो? सहा खुर्च्या मांडतो. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘दूध येतंय ना?’ तिनं हो म्हटलं तरी कुणीतरी शंका काढतंच. ती अंग चोरून, पदर सावरत, भिंतीकडे तोंड करून पाजते. मग पान्हा अडला की दोष तिच्या शरीराला. 

म्हणून मला वाटतं, पाजण्याची सुरुवात ही एकट्या आईची जबाबदारी नाही. बाळाला पाजण्याचं काम आईचं आणि आईला सांभाळण्याचं काम सगळ्या घराचं. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, अल-बकरात, जिथे मुलाला दोन वर्षं पाजण्याचा उल्लेख येतो, तिथेच पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे, आणि दूध लवकर तोडायचं असेल तर ते दोघांनी एकमेकांच्या सल्ल्यानं ठरवावं असंही म्हटलं आहे. लोक दोन वर्षं लक्षात ठेवतात, बापाचा भाग विसरतात. बापाला पाजता येत नाही, बाकी सगळं येतं. रात्री उठून बाळ तिच्या हातात देणं, पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, लंगोट बदलणं, तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवणं. आणि दाराशी उभं राहून ‘ती आत्ता पाजतेय, थोड्या वेळानं या’ असं पाहुण्यांना सांगणं. हे शेवटचं काम सर्वांत मोठं.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर आळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, शेपूची भाजी, आमच्याकडचा हरीरा, सगळं प्रेमानं करावं. बाळंतिणीचं अंग भरून यायला सकस खाणं हवंच. मात्र लाडू खाल्ला नाही म्हणून दूध आलं नाही, असा ठपका तिच्यावर ठेवू नये. झरा मोकळा करतं ते बाळाचं ओढणं. ‘बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं’ हा समज तर सोडूनच द्यावा. तहान लागेल तेवढं तिनं प्यावं. 

काही गोष्टी मात्र घरच्या शहाणपणावर सोडायच्या नाहीत. बाळ सारखं झोपून राहतंय, पाजायला उठवलं तरी उठत नाही, शू कमी होतेय, अंगावरचा पिवळेपणा वाढतोय, वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलंय, तर उशीर न करता डॉक्टरांकडे जावं. आईच्या छातीचा एखादा भाग लाल, टणक झाला आणि ताप आला तरी तेच. अशा वेळी सहसा पाजणं थांबवावं लागत नाही, पण औषध लागू शकतं. पहिले काही दिवस बाळंतिणीला उगीचच रडू येतं, ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन उदासच असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत असेल, तर आईनं हातानं दूध काढावं आणि ते वाटी-चमच्यानं, बोंडल्यानं किंवा डॉक्टर सांगतील तसं द्यावं. बाळाला आईच्या छातीवर उघड्या अंगानं बांधून ठेवायचं, कांगारूसारखं, ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि आता आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत वापरतात. ज्या बाळांना आईचं दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी दूधपेढ्या आहेत. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

आणि काही आयांना सगळं करूनही पुरेसं दूध येत नाही. थायरॉइडसारखे आजार असतात, छातीवर शस्त्रक्रिया झालेली असते, बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं. त्यांच्या बाळाला डॉक्टरांनी डब्याचं दूध सांगितलं तर ते औषध समजून, सांगितलेल्या मापानं, स्वच्छ वाटी-चमच्यानं द्यावं. त्या आईला कुणी कमी लेखू नये. माझा विरोध आहे तो दुसऱ्या रात्रीच्या घाबरटपणातून, डॉक्टरांना न विचारता आणलेल्या डब्याला. १९९२ साली देशात कायदा झाला आणि या डब्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. आईचं दूध बाळासाठी सर्वांत चांगलं, असं डब्यावरच छापणं त्या कायद्यानं सक्तीचं केलं. जे डब्याला सांगावं लागतं, ते घरातल्या माणसांनी सांगायला काय हरकत आहे?

तेव्हा एवढंच करा. पुढच्या वेळी बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा ‘दूध येतंय का?’ हे विचारू नका. ‘जेवलीस का? झोप झाली का?’ असं विचारा. ती पाजत असेल तर बाहेरच्या खोलीत थांबा. आणि निघताना तिला सांगा, ‘छान चाललंय तुझं.’